आडवी मान

आमच्याकडे बल्गेरियात मान आडवी हलवली की हो, आणि वरखाली केली की नाही. बाकीच्या जगात उलटं असतं म्हणे. असेल. जगाला सांगायला आमच्या गावातून फारसं कुणी गेलंच नव्हतं. गेले ते माझे वडील, आणि तेसुद्धा फरश्या बसवायला.

जर्मनीत मानहाइमला कामावर लागल्या लागल्या मुकादमाने त्यांना विचारलं, "ही भिंत पाडायची का?" ताते जोरजोरात मान वरखाली करत राहिले. आम्ही वडिलांना ताते म्हणतो. नको, नको, अजिबात नको, असं त्यांचं म्हणणं. मुकादमाने दोन माणसं बोलावली आणि भिंत पाडली. भिंत स्वयंपाकघराची होती, आणि घरमालकीण आत उभी होती. हा किस्सा ताते दर नाताळला सांगायचे, आणि दर वेळी मालकिणीच्या हातात नवीन काहीतरी असायचं. कधी पातेलं, कधी मांजर, एकदा तर नवरा. शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं: "पोरी, ज्याच्या दारात उभं राहायचं, त्याची मान वापरायची."

म्हणजे जर्मन माणसाशी जर्मन मान, आपल्या माणसाशी आपली. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की गावात परत आल्यावरही गुत्त्यावर एखादा परदेशी पाहुणा दिसला, की त्यांची मान आपोआप उलटी व्हायची. लोक म्हणायचे, रांगेलदादाचा पार नंदीबैल झालाय, कुठल्या ढोलकीवर कुठली मान ते त्यालाच ठाऊक.

मार्चमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मान राहिली.

मला तेव्हापासून काही वाटेनासं झालं. हे मी उगाच मोठेपणाने सांगत नाही. खरंच काही वाटत नव्हतं. सकाळी त्यांना पुसून काढायचं, दही भरवायचं, शेजारच्या पेनामावशीच्या हवाली करायचं आणि गाडी काढून हस्कोवो शहरातल्या ऑफिसात जायचं. तिथे लोक विचारायचे, "वडील कसे आहेत?" मी म्हणायचे, "आहेत." माझं नाव वेसेला, म्हणजे आनंदी. आईबापांना पुढचं कुठे दिसतं!

काम करायचे मी ऊन विकणाऱ्या कंपनीत. आमच्या गावामागच्या टेकडीवर जी पॅनेलं दिसतात ती आमची. त्यांची वीज जर्मनीतला एक काचकारखाना घ्यायचा. जेवढी पिकेल तेवढी ठरल्या दराने घेऊ, असा करार होता. पहिली वर्षं सुखात गेली. मग अख्ख्या युरोपाने पॅनेलं लावली. आता दुपारी सगळ्यांकडेच वीज उतू जाते आणि घ्यायला कुणी नसतं. भाव शून्याच्या खाली जातो. म्हणजे वीज द्यायची आपण, आणि ती नेल्याबद्दल पैसे द्यायचे तेही आपणच. संध्याकाळी सूर्य गेला की त्याच विजेला सोन्याचा भाव. काचकारखाना म्हणाला, आमच्या भट्ट्या काही दुपारच्या नाहीत, त्या रात्रीही पेटलेल्या असतात, आणि आमच्या गिऱ्हाइकांना रात्रीची बाटलीसुद्धा उन्हावर भाजलेली हवी. संध्याकाळची वीज देणार असाल तर नवा दहा वर्षांचा करार करू, नाहीतर राम राम.

संध्याकाळची वीज द्यायची म्हणजे दुपारची साठवायची. म्हणजे बॅटऱ्या. मोठाले लोखंडी डबे, रांगेत उभे. त्यासाठी युरोपकडून मदतही मिळत होती, फक्त ठरल्या तारखेच्या आत डबे तारांना जोडलेले हवेत. जागा वीज उपकेंद्राला लागून हवी, कारण लांबून तार आणायची तर परवानग्यांमध्येच पोरं कॉलेजला जातील. उपकेंद्राला लागून एकच जमीन होती. त्या जमिनीवर तातेंचा, म्हणजे माझ्याच वडिलांचा, द्राक्षमळा होता.

"काय म्हणतेस, ऊन डब्यात भरणार?" पेनामावशीने विचारलं होतं.

"हो मावशी. दुपारी भरायचं, संध्याकाळी काढायचं."

"म्हणजे लोणचंच की गं. आणि झाकण नीट नाही बसलं तर? मागच्या वर्षी माझ्या मिरच्यांच्या बरण्या फुटल्या होत्या, अख्ख्या तळघरात महिनाभर वास."

"याला वास नसतो."

"मग काय कामाचं?" मावशी म्हणाली. तिच्यापुढे युरोपच्या सगळ्या तज्ज्ञांनी हात टेकले असते.

जागेचं मी तातेंना झटक्याच्या आधी विचारलं होतं. जेवताना, घेवड्याचं सूप पुढ्यात असताना. माझ्या कंपनीचं इथलं ऑफिस या डब्यांवर टिकून आहे, हेही सांगितलं. नाहीतर मलाही तुमच्यासारखं तिकडे जावं लागेल, असं काहीतरी बोलले. ते पाव मोडत म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघूचा अर्थ लावणं म्हणजे हवामान सांगणं. आईने धुलाईयंत्र मागितलं तेव्हा बघू म्हणाले होते, आणि यंत्र आलं. मी सायकल मागितली तेव्हाही बघू म्हणाले होते. मग झटका आला आणि बघू तिथेच राहिलं.

मळा त्यांनी मानहाइमहून परतल्यावर लावला होता. वेलींसाठी खड्डे स्वतः खणले, कुणाला हात लावू दिला नाही. आई गेली त्या वर्षीसुद्धा छाटणी चुकवली नाही. दुसऱ्याच्या घरात उभा जन्म फरश्या बसवल्या, आता मातीत पाय ठेवतो, असं म्हणायचे. त्यामुळे ते काय उत्तर देतील याबद्दल माझ्या मनात जे होतं ते होतंच.

मेमध्ये आमचा साहेब प्लामेन म्हणाला, आता थांबता येत नाही. दोन साक्षीदारांसमोर नोटरी विचारेल, वडिलांनी मानेने हो म्हटलं की अंगठा घ्यायचा, कायद्यात बसतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, समजतं त्यांना सगळं, पण अशा आजारात हो आणि नाहीची कधीकधी अदलाबदल होते, तेव्हा जरा जपून. जपून म्हणजे कसं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी खोलीत माझ्याशिवाय सहा माणसं होती. खुर्चीत ताते, त्यांना मी पांढरा शर्ट घातलेला. नोटरी माजारोव, घामाने निथळणारा. प्लामेन. साक्षीला पेनामावशी आणि पोस्टमन. आणि काचकारखान्याकडून आलेली हेन्रिके बाई, उंच, पन्नाशीची, पायात चालायचे बूट. ज्याच्या जमिनीवर आपला करार उभा राहणार तो माणूस बघायचाय, असं म्हणून आली होती. बाई चांगली होती. चांगल्या माणसांचीच भीती असते.

माजारोवने कागद उघडून वाचायला सुरुवात केली. कायद्याची भाषा, त्यात त्याचा आवाज झोपाळू. हेन्रिके बाईला कुणीतरी सांगितलं होतं की तातेंनी मानहाइममध्ये आयुष्य काढलं. ती खुर्चीपाशी वाकली, तातेंच्या डोळ्यांत बघितलं आणि हळू, स्वच्छ जर्मनमध्ये विचारलं, "रांगेलसाहेब, तुम्ही तुमची जमीन द्यायला तयार आहात का?" आणि नेमकं त्याच क्षणी माजारोवचं वाक्य संपलं, "...तर ही जमीन देण्यास आपली संमती आहे काय?"

दोन प्रश्न एकदमच येऊन पडले.

तातेंची मान हलली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. सावकाश.

"संमती आहे," माजारोव म्हणाला आणि शाईची डबी उघडायला लागला.

"अहो, थांबा!" हेन्रिके बाई ताठ उभी राहिली. "ते नाही म्हणतायत!"

काय हशा पिकला! पोस्टमन मांडीवर थापा मारत होता. प्लामेन तिला समजावत होता, की बाई, आमच्याकडे असंच असतं, आमचं हो म्हणजे तुमचं नाही आणि तुमचं हो म्हणजे आमचं नाही. पेनामावशी म्हणाली, "हिच्या नवऱ्याने हिला लग्नाला हो कसं म्हटलं असेल कोण जाणे!" माजारोवही हसला, आणि हसता हसता त्याने तातेंचा डावा हात उचलला.

मी हसले नाही. मी तातेंचे डोळे बघत होते. ते हेन्रिके बाईकडे बघत होते, मान हलवताना आणि नंतरही. ज्याच्या दारात उभं राहायचं. दार आमचं होतं, पण विचारलं जर्मनने, जर्मनमध्ये.

"थांबा," मी म्हटलं. "सगळ्यांनी बाहेर व्हा."

"वेसेला," प्लामेन म्हणाला.

"बाहेर."

ते गेले. मी खुर्चीसमोर जमिनीवर बसले. "ताते, आता कुणी नाही. आपण दोघंच. आपल्या मानेनं सांगा. मळा द्यायचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. थकले होते, कपाळावर घाम होता. मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीतून मळा दिसतो. वेलींना नुकती पालवी आली होती. ते बघत राहिले, आणि डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी परत विचारलं. मान हलली नाही. तिसऱ्यांदा विचारायचं धाडस मला झालं नाही.

बाहेर आले आणि म्हटलं, "नाही म्हणतायत."

"कोण म्हणतं?" पेनामावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मान आडवी हलवली त्याने. या दोन डोळ्यांनी पाहिलं मी."

"त्या बाईकडे बघून हलवली, मावशी."

"अगं, डोळे कुठेही असू देत, मान तर आपलीच आहे ना!"

"त्यांची मान कुणाची आहे ते मला माहीत आहे."

"डोंबल माहीत आहे तुला," मावशी म्हणाली आणि चपला वाजवत घरी गेली.

प्लामेन रागावला नाही. त्याचं रागावणं मला चाललं असतं. तो गाडीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "वेसेला, एवढा एक तुकडा आहे. हा गेला की सगळंच गेलं. तुझंसुद्धा." मी म्हटलं, "माहीत आहे." हेन्रिके बाईने माझे दोन्ही हात हातात घेतले. "मला कळलंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर केलंत." मला तेव्हाही काही वाटलं नाही. बरोबर केलं असेल तर माणसाला काहीतरी वाटायला पाहिजे, एवढंच मनात आलं.

पुढे काय व्हायचं तेच झालं. तारीख टळली. उपकेंद्रावर तार जोडायचा आमचा नंबर यांबोलकडच्या कुणाला तरी मिळाला. जुना करार संपला आणि काचकारखान्याने नवा केला नाही. उन्हाळाभर आमची पॅनेलं दुपारी बंद असायची. भर बाराला, डोक्यावर सूर्य तापलेला असताना, हस्कोवोत बसून मी कळ दाबायचे आणि टेकडी बंद करायचे. इतकं ऊन वाया घालवायचा पगार मला मिळत होता. गुत्त्यावर लोक म्हणायचे, "वेसेला, आज सूर्याला सुट्टी का गं?" मी म्हणायचे, "भरपगारी."

सप्टेंबरमध्ये प्लामेनने ऑफिसाचं कुलूप लावलं. हेन्रिके बाईचा फोन आला. तिकडे जर्मनीत कासेलला त्यांना कुणीतरी हवं होतं, बल्गेरिया आणि रुमानियाचे करार वाचून सांगणारं, आणि तिला आधी माझीच आठवण झाली होती. "तुमच्यासारखी प्रामाणिक बाई," ती म्हणाली. इकडे हस्कोवोत त्या पगाराच्या निम्म्यानेही काम नव्हतं, आणि तातेंच्या मालिशवाल्याला, औषधांना, मावशीच्या हातखर्चाला काही उन्हाने भागत नव्हतं. मी हो म्हटलं. बाप गेला त्याच वाटेने लेक निघाली. पेनामावशी तातेंच्या खोलीत खाट टाकून राहायला तयार झाली.

तातेंना हळूहळू शब्द येत होते. शिकवायला हस्कोवोहून एक मुलगी यायची, चित्रं दाखवायची. पहिला शब्द आला पाणी. दुसरा आला गप, तो पेनामावशीला उद्देशून होता. मावशी डोळे पुसत गावभर सांगत फिरली, "मला गप म्हणाला, रांगेल मला गप म्हणाला!"

द्राक्षं पिकली तशी मी त्यांना चाकांच्या खुर्चीत घालून मळ्यात नेलं. मला वाटलं, खूश होतील. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. घडाला हात लावून दिला. त्यांनी हात काढून घेतला. एक द्राक्ष तोंडात घातलं तर थुंकून टाकलं. मान वळवून वळवून उपकेंद्राच्या बाजूला बघत होते, काहीतरी हरवल्यासारखं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. ऊन लागलं असेल म्हणून मी खुर्ची वळवली.

निघायचा दिवस ऑक्टोबरात आला. जायचं मी त्यांना आदल्या आठवड्यापासून सांगायचं म्हणत होते आणि सांगितलं नव्हतं. बॅग दारात ठेवली तेव्हाच त्यांना कळलं. पेनामावशी वाटेत खायला म्हणून चीजची पापुद्रेदार बानित्सा कागदात बांधत होती. मी खुर्चीपाशी बसले.

"ताते, मी कासेलला चाललेय. कामाला. नाताळला येईन."

त्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. ओठ हलायला लागले. त्या शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं होतं, घाई करायची नाही, शब्द आपल्या पायांनी येऊ द्यायचा. मी थांबले. मावशीही थांबली.

"शेत," ताते म्हणाले.

"हो ताते. शेत आहे. मळा आहे."

त्यांनी मान वरखाली केली. दोनदा, चिडून. "दिलं."

"काय दिलं?"

"शेत... दिलं. मी." मग मोठा श्वास. "डब्यांना."

पेनामावशीच्या हातातून दोरा सुटला.

"कधी दिलंत, ताते?" माझा आवाज नीट होता. मला आठवतंय, अगदी नीट होता.

"ती... बाई. नोटरी." ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच आजारी आहे. "दिलं. तू... इथे... राहावीस."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आपल्याला रडू येईल आता, असं मला वाटलं. यायलाच हवं होतं. छातीत काहीतरी सरकलं, अवजड, आणि तिथेच अडकून बसलं. मी चुकले, ताते, मी नाही समजले, असं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर त्यांना कळलं असतं की त्यांनी दिलं आणि मी घेतलं नाही. त्या खुर्चीत बसून त्यांनी अख्ख्या वर्षात जे एकच काम केलं होतं, ते मी पुसून टाकलं असं त्यांना कळलं असतं.

"मग तू," ताते म्हणाले, "का... जातेस?"

बाहेर बसने हॉर्न दिला.

"डब्यांना उशीर होतोय, ताते," मी म्हटलं. "परवानग्या. तुम्हाला माहीत आहे आपल्याकडचं. तोवर तिकडे थोडं काम करते."

त्यांनी विचार केला. कपाळावरच्या आठ्या सावकाश उतरल्या. मान आडवी हलली, डावीकडे, उजवीकडे. पटलं त्यांना. माझी बाही त्यांनी सोडली, आणि मग दोन बोटांनी ती सुरकुती नीट केली, मी लहान असताना शाळेत पाठवताना करायचे तशी.

"डबे आले," ते म्हणाले, "की... ये."

मी हो म्हटलं.